लोवेलची डिमूलस मंडळी आणि त्यांची दुकाने

एखाद्या मोठ्या दुकानातल्या नोकरांनी काम बंद ठेवले असे ऐकले, की कारण आपण न विचारताच सांगून मोकळे होतो. पगार वाढवून हवा असेल, नाहीतर रजा हवी असेल, नाहीतर कोणा गड्याला मालकाने अन्यायाने काढले असेल. यातले पहिले दोन तर्क इथे लागू पडत नाहीत. तिसरा मात्र पडतो, आणि तो असा उलटा पडतो की ऐकणारा क्षणभर गोंधळात पडावा. २०१४ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात हजारो नोकर रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी एकच होती: आमच्या धन्याला कामावरून काढलं आहे, त्याला परत आणा.

धन्याला काढले कोणी? तर त्याच्याच घरच्यांनी. हे प्रकरण समजून घ्यायचे, तर शंभर वर्षे मागे जाऊन एका मटणाच्या दुकानापासून सुरुवात करायला हवी.

मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या वायव्येला, मेरिमॅक नदीच्या काठी लोवेल नावाचे शहर आहे. कापडगिरण्यांचे शहर. १८२३ साली तिथे पहिली मोठी गिरणी सुरू झाली. नदीचे पाणी कालव्यांतून फिरवून त्या जोरावर माग चालवायचे आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली कामाला ठेवायच्या, असा सुरुवातीचा प्रकार होता. पुढे आयरिश आले, कॅनडातले फ्रेंच आले आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी ग्रीक आले. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेचा कापूस यायचा थांबला, तेव्हा लोवेलच्या पुष्कळ गिरण्यांना टाळे लागले. आणि त्याच कापूसटंचाईपायी आपल्या मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, तो १८६५ साली शेअरबाजार कोसळून ओसरला. लोवेल आणि मुंबई यांची एकमेकींशी अशी जुनी, न पाहिलेली ओळख आहे.

लोवेलमध्ये एकर या नावाची एक गरिबांची वस्ती आहे. ग्रीक मंडळी तिथे राहत. त्यांचे देऊळ, त्यांच्या कॉफीच्या खानावळी, सगळे तिथेच. या वस्तीत डमर रस्त्यावर १९१७ साली अथानासिओस डिमूलस आणि त्यांची पत्नी एफ्रोसिनी यांनी दुकान थाटले. दोघेही ग्रीसमधून आलेले. अथानासिओस हे नाव अमेरिकन जिभेला वळेना, म्हणून सगळे त्यांना आर्थर म्हणत. माल मुख्यतः कोवळ्या मेंढीचे मटण आणि जोडीला वाणसामान. ग्रीक घरात सणाला मेंढीचे मटण नसेल तर तो सण कसला! गिऱ्हाईक म्हणजे गिरणीत खपणारी माणसे. आठवड्याला पगार व्हायचा, तोवर वहीवर मांडून न्यायचे. हा व्यवहार आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. परळ-लालबागच्या वाण्याच्या वह्या अशाच भरत असत.

उधारी चांगल्या दिवसांत दुकान वाढवते आणि वाईट दिवसांत बुडवते. एकोणीसशे वीसनंतर लोवेलच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या, दक्षिणेकडे निघून गेल्या. त्यात १९२९ ची महामंदी आली. गिऱ्हाइकांजवळ पैसे नव्हते, पण त्यांना खायला तर लागत होतेच. डिमूलस देत राहिले. परिणाम व्हायचा तोच झाला. १९३८ साली बँकेने जप्तीची धमकी दिली, तीही शंभर डॉलरच्या बाकीसाठी. टेलेमाकस नावाचा मुलगा तेव्हा शाळेत होता. तो शाळा सोडून दुकानात आला. दुकान तगले.

(टेलेमाकस हे नाव होमरच्या महाकाव्यातले. बाप परदेशी गेलेला, घरात उपटसुंभ पाहुणे बसून खात आहेत आणि पोरगा घर राखतो आहे, तोच हा टेलेमाकस. आईबापांनी नाव ठेवताना पुढचे काही मनात आणले नसणार, पण नाव लागू पडले खरे.)

टेलेमाकस आणि त्याचा भाऊ जॉर्ज यांनी १९५४ साली बापाकडून दुकान विकत घेतले, पंधरा हजार डॉलरला. विकत घेतले, हे मुद्दाम सांगतो. वारसाहक्काने आयते घेतले नाही. आणि वेळ अगदी नेमकी होती. महायुद्ध संपून दहाएक वर्षे झालेली. घरोघर मोटार आलेली, शीतकपाट आलेले. शहरातली माणसे बाहेरच्या नव्या वस्त्यांत राहायला जात होती. रोज कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन पावशेर साखर आणण्याचे दिवस सरले होते. आठवड्यातून एकदा मोटार घेऊन जायचे आणि सगळे एकदम आणायचे, अशी रीत पडत चालली होती.

याला जोड मिळाली स्वयंसेवेच्या दुकानांची. पूर्वी अमेरिकेतही गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे उभे राहून यादी सांगे आणि दुकानदाराचा माणूस माल काढून, मोजून, बांधून देई. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने ही फळीच काढून टाकली. गिऱ्हाइकाच्या हातात टोपली द्यायची, त्याने हवे ते मांडणीवरून उचलायचे आणि दाराशी पैसे चुकते करायचे. नोकर कमी लागले, माल भराभर उठू लागला, भाव उतरले. सुपरमार्केट म्हणतात ते यातूनच उभे राहिले. डिमूलस बंधूंनी बापाच्या दुकानाला हे रूप दिले आणि पंधरा वर्षांत एकाची पंधरा दुकाने केली.

दोघे भाऊ निम्मे-निम्मे धनी होते. आपसांतला बोल असा, की आपल्यापैकी कोणी आधी गेला, तर मागे राहील त्याने दुसऱ्याची बायकामुले सांभाळायची आणि निम्म्याचा वाटा निम्माच ठेवायचा. १९७१ साली जॉर्ज सुट्टीसाठी ग्रीसला गेला असता तिथेच हृदयविकाराने वारला. त्याची विधवा आणि मुले काकाच्या भरवशावर राहिली. काका कागद पुढे करी, ही मंडळी सह्या करीत. एकत्र कुटुंबात कागद वाचून सही करणारा पुतण्या म्हणजे अविश्वासू, हा समज काही आपल्याकडेच आहे असे नाही.

१९९० साली जॉर्जच्या घरच्यांनी न्यायालयात दावा लावला. तेव्हा त्यांच्या लक्षात आले होते, की निम्म्या भागांपैकी आता आपल्याकडे आठ टक्के राहिले आहेत. बाकीचे कुठे गेले? काही भाग हस्तांतरित झाले होते, आणि नवा धंदा टेलेमाकसच्या मुलांच्या मालकीच्या वेगळ्या कंपन्यांकडे वळवला गेला होता. त्यांपैकी एकीचे नाव मार्केट बास्केट. आज या दुकानांना सगळे ज्या नावाने ओळखतात, ते नाव त्या भांडणातले आहे. खटला अनेक वर्षे चालला. न्यायालयाने टेलेमाकसने भावाच्या कुटुंबाची फसवणूक केली असा निर्णय दिला, नुकसानीची प्रचंड रक्कम देवविली आणि जॉर्जच्या घराण्याला कंपनीचे अर्ध्याहून किंचित जास्त, साडेपन्नास टक्के, भाग दिले. १९९७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला.

इथे माझे मन जरा अडखळते. याच टेलेमाकसने १९६३ साली नोकरांसाठी नफ्यातल्या वाट्याची योजना सुरू केली होती. नोकराच्या पगाराच्या प्रमाणात कंपनीने दरवर्षी रक्कम टाकायची आणि म्हातारपणी ती त्याला मिळायची. नोकराने स्वतःची दमडी घालायची नाही. या योजनेने ट्रक हाकणाऱ्यांची आणि कसायाच्या फळीवर उभे राहणाऱ्यांची निवृत्ती सुखाची केली. भावाच्या मुलांशी एक आणि पोती उचलणाऱ्या गड्याशी दुसरे, असा हा माणूस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगायची आणि दुसरी झाकायची, असे केले तर या दुकानांचा इतिहास कळणार नाही.

आता ही दुकाने स्वस्त कशी विकत आणि तरी नोकरांना बरे कसे देत, हे पाहू. वाण्याच्या धंद्यात नफा फार थोडा. सुपरमार्केटात शंभराची विक्री झाली, तर सगळा खर्च जाऊन दोन-तीन रुपये हाती राहिले तर पुष्कळ. म्हणून माल जितका लवकर उठेल तितके बरे. कमी भावात जास्त विकायचे आणि पुन्हा भरायचे. डिमूलसांनी कर्ज घेणे टाळले. २०१४ पर्यंत कंपनीवर कर्ज नव्हते म्हटले तरी चालेल. पुष्कळ दुकानांची जागाही स्वतःची, त्यामुळे भाडे नाही. दिखाऊपणाला फाटा. इतर साखळ्यांनी गिऱ्हाइकांना कार्डे दिली, कार्ड असेल त्याला एक भाव आणि नसेल त्याला दुसरा; इथे सगळ्यांना एकच भाव. गिऱ्हाइकाने आपला हिशेब आपणच करायची यंत्रे इतरांनी बसवली. इथे गल्ल्यावर माणूस, आणि पिशव्या भरून द्यायला दुसरा पोरगा. तो पोरगा गळ्यात टाय बांधून उभा. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि नोकरीची वर्षे. पंधरा, बावीस, पस्तीस. मला वाटते, त्या बिल्ल्याने जे सांगितले ते जाहिरातीने सांगता आले नसते.

वर चढण्याची रीतही ठरलेली होती. बाहेरून शिकलेला व्यवस्थापक आणून बसवायचा नाही. शाळकरी वयात पिशव्या भरायला लागलेला मुलगाच पुढे विभाग सांभाळी, दुकान सांभाळी, आणि त्यातलेच काही मुख्य कचेरीपर्यंत पोचत. २०१४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने किमान मजुरी तासाला आठ डॉलर होती. इथे पूर्णवेळ नव्या माणसाची सुरुवात बारा डॉलरने होई. आणि तरी भाव आसपासच्या दुकानांपेक्षा कमी. स्वस्ताई करायची तर नोकराच्या पगाराला कात्री लावावी लागते, असे जे गृहीत धरले जाते, ते इथे गृहीत धरले जात नव्हते. जुना, जाणता नोकर माल कमी नासवतो, चोरी कमी होऊ देतो, गिऱ्हाइकाला चटकन वाटेला लावतो. त्याची बचत वहीत वेगळी दिसत नाही इतकेच.

ग्रीक चालीप्रमाणे नातवाला आजोबाचे नाव ठेवतात. आपल्याकडेही ही चाल होती आणि काही घरांत अजून आहे. त्यामुळे झाले काय, की टेलेमाकसचा मुलगा आर्थर आणि जॉर्जचा मुलगाही आर्थर. ओळखण्यासाठी एकाला आर्थर टी. आणि दुसऱ्याला आर्थर एस. म्हणत. टेलेमाकस २००३ साली वारला. २००८ पासून आर्थर टी. मुख्य कारभारी झाला. पण भागांचे पारडे दुसऱ्या बाजूला किंचित जड होते, हे विसरायचे नाही. त्या घराण्यातली एक सून आर्थर टी.च्या बाजूने मत देत असे, म्हणून त्याचा कारभार चालला. त्याच वर्षीच्या आर्थिक पडझडीत नोकरांच्या निवृत्तीनिधीला मोठी खोट आली, तेव्हा त्याने कंपनीच्या तिजोरीतून ती भरून काढली. कामगारांची नावे, त्यांच्या घरची आजारपणे, मुलांची लग्ने त्याच्या ध्यानात असत, असे नोकर सांगत.

भागधारकाच्या बाजूनेही क्षणभर पाहू. कंपनी माझ्या मालकीची आहे, ती दरसाल चार अब्ज डॉलरांहून अधिक विक्री करते, आणि कारभारी पैसा नव्या दुकानांत, निधीत आणि भाव उतरवण्यात घालतो. मला लाभांश मिळायला नको? कायद्याच्या चौकटीत हा प्रश्न वावगा नाही. २०१३ साली ती सून दुसऱ्या बाजूला गेली, पारडे फिरले, आणि संचालक मंडळाने भागधारकांना तीस कोटी डॉलर वाटण्याचा ठराव केला. तिकडे आर्थर टी.ने २०१४ हे सगळे वर्ष गिऱ्हाइकांना प्रत्येक खरेदीवर चार टक्के सूट जाहीर केली. पैसा कोणाचा, या एका प्रश्नाची ही दोन उत्तरे होती, आणि ती एका छपराखाली फार दिवस नांदणे कठीण होते.

२३ जून २०१४ रोजी मंडळाने आर्थर टी.ला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना काढले. बाहेरून दोन नवे कारभारी आणले. १८ जुलैला वखारीतले लोक आणि ट्रकचालक कामावर गेले नाहीत. आठ जणांना काढून टाकण्यात आले, त्याने आगीत तेल पडले. ट्यूक्सबरी या गावी कंपनीची मुख्य कचेरी आहे, तिथे हजारोंच्या सभा भरू लागल्या. त्या वेळी मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर आणि मेन या तीन राज्यांत मिळून ७१ दुकाने आणि सुमारे पंचवीस हजार नोकर होते. यांची कोणतीही कामगार संघटना नव्हती, हे ध्यानात घ्या. म्हणजे संपात कायद्याचे संरक्षण तोकडे आणि संपनिधी तर नाहीच.

दुकाने मात्र उघडी होती. आत दिवे लागलेले, गल्ल्यावर माणसे उभी, आणि फळे-भाज्यांच्या मांडण्या रिकाम्या. ट्रकच येत नाहीत तर भाजी कुठून येणार? ज्या थोड्या वस्तू होत्या त्या घ्यायलाही लोक येईनात. इथेच या प्रकरणाची खरी नवलाई आहे. गिऱ्हाइकांनी बहिष्कार घातला. ज्यांना दुसरीकडे महाग पडत होते, त्यांनी महाग घेतले, आणि दुसऱ्या दुकानांच्या पावत्या आणून मार्केट बास्केटच्या काचांवर चिकटवल्या. पाहा, आम्ही तुमचे गिऱ्हाईक होतो, हे पैसे आम्ही दुसऱ्याला दिले. काचा पावत्यांनी भरून गेल्या. काही पुरवठादारांनीही माल द्यायचा थांबवला. विक्री नव्वद टक्क्यांहून अधिक घसरल्याचे सांगितले जात होते. अर्धवेळ काम करणाऱ्या हजारोंचे तास शून्यावर आणले गेले. त्यांना काढले नव्हते. फक्त काम नव्हते आणि अर्थात पगारही नव्हता. या दिवसांची खरी झळ लागली ती यांना, शाळा-कॉलेजातल्या पोरांना आणि दुसरा पगार म्हणून इथे येणाऱ्या बायकांना. आणि मागणी काय, तर अब्जाधीश धन्याला परत आणा!

यावर हसणारेही होते. धनी चांगला असला तरी धनीच. आज दयाळू आहे, उद्याचे कोणी सांगावे. हक्क मागायचे सोडून ही माणसे मायबापासाठी रडतात, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या गिरणगावाने संप पाहिले ते मालकांविरुद्धचे, आणि १९८२ च्या संपाचा शेवट काय झाला तेही आपल्याला ठाऊक आहे. लिहून घेतलेला हक्क आणि मिळालेली माया यांत फरक आहेच. पण लोवेल-ट्यूक्सबरीच्या त्या नोकरांचे गणित मला अगदीच भाबडे वाटत नाही. कंपनी दुसऱ्या साखळीला विकली गेली, तर नफ्यातला वाटा जाणार, पिशव्या भरणाऱ्याने व्यवस्थापक होण्याची वाट जाणार, हे त्यांना दिसत होते. धन्याच्या नावाने ते त्याच गोष्टी मागत होते.

दोन्ही राज्यांचे राज्यपाल, मॅसॅच्युसेट्सचे डेव्हल पॅट्रिक आणि न्यू हॅम्पशायरच्या मॅगी हसन, मध्ये पडले. २७ ऑगस्ट २०१४ च्या रात्री तोड निघाली. आर्थर टी. आणि त्याच्या बाजूच्या मंडळींनी चुलत घराण्याचे साडेपन्नास टक्के भाग दीड अब्ज डॉलरांहून अधिक रकमेला विकत घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्यूक्सबरीला एका ट्रकवर उभा राहून नोकरांशी बोलला. ट्रक पुन्हा चालू लागले, मांडण्या भरल्या. पण ज्या कंपनीवर कर्ज नव्हते, तिच्या डोक्यावर आता कर्जाचा मोठा डोंगर आला होता. तो पुढच्या वर्षांत उतरत गेला. दुकाने वाढली, २०२० साली ऱ्होड आयलंड हे चौथे राज्यही आले, आणि एकूण संख्या नव्वदच्या आसपास गेली.

घरातले भांडण मात्र एका पिढीवर थांबले नाही. भाग विकत घेताना आर्थर टी.च्या तीन बहिणी सोबत होत्या. त्यांच्याकडे मिळून साठ टक्क्यांच्या आसपास भाग आले, त्याच्याकडे अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जो पेच पूर्वी चुलत भावाशी होता, तो आता सख्ख्या बहिणींशी. २०२५ च्या मे महिन्यात संचालक मंडळाने त्याला कामापासून दूर ठेवले. तो मंडळाला विचारीत नाही, आपल्यामागे आपलीच मुले गादीवर बसवू पाहतो आणि पुन्हा काम बंद पाडण्याचा बेत चालला आहे, असे मंडळाचे आरोप होते. त्याने ते नाकारले. सप्टेंबरमध्ये त्याला काढून टाकण्यात आले आणि वाद डेलावेअर राज्याच्या न्यायालयात गेला.

२०२५ च्या त्या उन्हाळ्यात २०१४ सारखे काही घडले नाही. ट्रक थांबले नाहीत, काचांवर पावत्या चिकटल्या नाहीत. अकरा वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती तरी जण निवृत्तीनिधी घेऊन घरी गेले होते. मंडळाने नोकरांना कळवले होते, की बोनस, नफ्यातला वाटा आणि कमी भाव यांना धक्का लागणार नाही. त्या शब्दावर लोक कामावर आले, गिऱ्हाईक आले. गल्ल्यावर माणूस होता, आणि त्याच्या बिल्ल्यावर वर्षांचा आकडा होता.